किती मॉनिटर चालतील, ते खोक्यावर छापा

प्रति,
लॅपटॉप, डॉकिंग स्टेशन आणि केबल तयार करणाऱ्या व विकणाऱ्या समस्त कंपन्या



मी ठाण्यात राहतो. ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळणं हा माझा व्यवसाय. छोटी म्हणजे पाच-दहा माणसांची: सीए, आर्किटेक्ट, कस्टम्सची कामं करणारे एजंट, एक-दोन डीटीपीवाले. यांच्याकडे आयटी विभाग नसतो, मी असतो. तुमचा माल काय घ्यायचा हे त्यांना मी सांगतो, आणि तो चालला नाही की बोलणीही मीच खातो. त्यामुळे या पत्रात एखादा शब्द कडक पडला तर चालवून घ्या.

विषय एकच आहे. एका लॅपटॉपला डॉकिंग स्टेशनमधून दोन किंवा तीन मॉनिटर जोडणं.

हे चैनीचं काम नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण तुमच्या जाहिरातीत दोन मॉनिटरसमोर बसलेला माणूस नेहमी शेअर बाजारातला नाहीतर गेम खेळणारा असतो. माझ्याकडचे सीए एका पडद्यावर टॅली उघडतात आणि दुसऱ्यावर आयकराचं पोर्टल. डीटीपीवाल्याला एकीकडे पान लागतं, दुसरीकडे लेखकाच्या हस्तलिखिताचं स्कॅन. पूर्वी या सगळ्यांकडे डेस्कटॉप होते. ग्राफिक्स कार्डाला मागे दोन सॉकेट असायची, दोन वायरी खोचल्या की झालं. २०२० मध्ये सगळे घरी बसले, डेस्कटॉप गेले, लॅपटॉप आले. आता त्या लॅपटॉपच्या कडेला एकसारखी दिसणारी दोन भोकं असतात आणि बाकी सगळं डॉकच्या भरवशावर.

डॉकच्या खोक्यावर मधोमध लॅपटॉप असतो, दोन्ही बाजूंना मॉनिटर, आणि तिन्हींवर मिळून एकच डोंगर आणि तळं. खाली ठळक अक्षरांत ‘ड्युअल ४के’, ‘प्लग अँड प्ले’ आणि ‘युनिव्हर्सल’. माझ्या तक्रारी या तीन शब्दप्रयोगांपासूनच सुरू होतात, आणि सगळ्यात मोठी तक्रार पहिल्याविषयी आहे.

‘ड्युअल ४के’ म्हणजे नेमकं कोणाचं आणि किती? इथे थोडं गणित मांडतो. तुमच्या इंजिनिअरांना ते पाठ असणार, पण हे पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कुणीच कधी सांगितलेलं नाही. यूएसबी-सीचं भोक २०१४ साली आलं. त्यात २४ पिना असतात आणि भरधाव माहिती नेणाऱ्या तारांच्या चार जोड्या. या जोड्यांना लेन म्हणतात. त्याच वर्षी डिस्प्लेपोर्टचं चित्र या भोकातून नेण्याची सोय निघाली, पण ती ऐच्छिक ठेवली गेली. देणाऱ्याने द्यावी, नाही दिली तरी भोक यूएसबी-सीच म्हणवणार. सोय दिलीच, तर पुढचा प्रश्न असा की चारही लेन चित्राला द्यायच्या, की दोन चित्राला आणि दोन यूएसबीच्या माहितीला. बरेचसे साधे डॉक दुसरा मार्ग धरतात, कारण त्यांना पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क आणि इंटरनेटची वायर यांचीही सोय बघायची असते.

आता आकडे. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका लेनमधून दर सेकंदाला कामाचे ४.३२ गिगाबिट जातात. दोन लेनमधून ८.६४. साध्या फुल एचडी मॉनिटरला, सेकंदाला ६० चित्रं या हिशेबाने, साधारण सव्वातीन गिगाबिट लागतात. असे दोन मॉनिटर साडेसहात बसतात. छान. पण त्याच्या वरचे, २५६० बाय १४४० वाले मॉनिटर घेतलेत तर एकेकाला पावणेसहाच्या आसपास लागतात. दोन मिळून साडेअकरा. नाही बसत. ४के मॉनिटरवर फुल एचडीच्या चौपट ठिपके, म्हणजे एकालाच साडेबारा. दोन सोडा, एकही बसत नाही. मग तुमचा डॉक काय करतो? सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रं पाठवतो. तेवढं सव्वासहात भागतं. खोक्यावर ‘४के’ हा शब्द खरा ठरतो.

३० हर्ट्झ म्हणजे काय, ते तुमच्या प्रयोगशाळेपेक्षा मुलुंडच्या एका ऑफिसात चांगलं समजतं. तिथे लेखापाल असलेल्या बाईंनी मला फोन केला तो मॉनिटरबद्दल नव्हताच. “दादा, माऊस जड झालाय.” त्यांनी माऊस बदलून पाहिला होता, मग पॅड बदललं होतं, मग वायरलेसऐवजी वायरचा माऊस मागवला होता. माऊस ठणठणीत होता. नव्या ४के मॉनिटरवर बाण हाताच्या मागे मागे रेंगाळत होता, आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर आणला की सुतासारखा सरळ चालत होता. एक्सेलचं पान खाली सरकवताना ओळी धक्के देत जायच्या. बाईंनी सेटिंगमध्ये ‘३० हर्ट्झ’ असं वाचलं नव्हतं, वाचलं असतं तरी त्यांना त्याचा अर्थ लागला नसता. दिवसभर डोकं दुखतं एवढंच त्यांना कळत होतं. डॉकच्या खोक्यावर ‘४के’ बोटभर उंचीच्या अक्षरांत होतं. ‘३०’ हा आकडा खोक्याच्या तळाशी, आयातदाराच्या पत्त्यानंतर, मुंगीएवढ्या टाइपात.

आता गंमत अशी की त्याच डॉकला, तीच केबल आणि तेच मॉनिटर ठेवून, डिस्प्लेपोर्ट १.४ देणारा लॅपटॉप जोडला आणि डॉकही तेवढा सक्षम असला, तर एका लेनमधून ६.४८ गिगाबिट जातात, दोनमधून १२.९६. तोच ४के मॉनिटर ६० वर चालतो, अगदी कडेकडेने. किंवा १४४० चे दोन. म्हणजे निकाल ना एकट्या डॉकवर ठरतो, ना एकट्या लॅपटॉपवर. जोडीवर ठरतो. आणि नेमकी हीच गोष्ट तुमच्यापैकी कोणीच छापत नाही. डॉकवाला म्हणतो, लॅपटॉप कंपनीला विचारा. लॅपटॉपवाला म्हणतो, दुसऱ्या कंपनीच्या डॉकची हमी आम्ही देत नाही. मॉनिटरवाल्याला तर कुणी विचारतच नाही.

आणि चारही लेन चित्राला दिल्या तर? मग मॉनिटर खूश, पण डॉकवरची यूएसबीची भोकं ४८० मेगाबिटवर येतात, म्हणजे २००० सालच्या यूएसबी २.० च्या वेगावर. बॅकअपची हार्ड डिस्क तिथे लावून ठेवलेला माणूस ‘आज बॅकअप का संपत नाही’ म्हणून रात्री फोन करतो. मॉनिटरचा आणि बॅकअपचा संबंध त्याच्या डोक्यात यावा तरी कसा?

आता ‘युनिव्हर्सल’कडे वळतो. मॅक वापरणाऱ्यांची कहाणी इथे सांगावी लागेल, कारण आर्किटेक्ट, फोटोग्राफर, डिझायनर हे सगळे तिकडचे. एकाच वायरीतून दोन मॉनिटरना दोन वेगळी चित्रं पाठवायची एमएसटी नावाची पद्धत डिस्प्लेपोर्ट १.२ सोबत आली. विंडोज ती वापरतं. मॅकओएस दोन वेगळ्या पडद्यांसाठी ती वापरत नाही. एमएसटीवर चालणाऱ्या डॉकला मॅक जोडला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटतं. शिवाय २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम२ लाही एकच. एम३ च्या एअरला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटावं लागतं. एम४ पासून झाकण उघडं ठेवून दोन. या मर्यादा पटोत न पटोत, पण त्या मॉडेलच्या माहितीपानावर लिहिलेल्या असतात, शोधणाऱ्याला सापडतात. डॉकच्या खोक्यावर मात्र मॅकचं चित्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मॉनिटर.

डोंबिवलीच्या एका आर्किटेक्टताईंनी असाच एक डॉक मागवला. त्यांना एका पडद्यावर प्लॅन हवा होता, दुसऱ्यावर एलिव्हेशन. “अहो, इकडेही प्लॅन आणि तिकडेही प्लॅनच,” त्या म्हणाल्या. आम्ही स्पीकर चालू करून डॉक कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, “मॅडम, दोन्ही मॉनिटर चालू आहेत का?” ताई म्हणाल्या, “हो, पण दोन्हीवर तेच आहे.” “दोन्ही चालू आहेत ना, मग डॉक बरोबर आहे.” तक्रार बंद झाल्याचा मेसेज फोन ठेवायच्या आत आला. परत पाठवायचं म्हटलं तर विक्रेत्याचं उत्तर असं की वस्तूत बिघाड नाही, सबब पैसे परत नाहीत. हवं तर बदलून तोच डॉक पुन्हा मिळेल.

माझी विनंती आहे की ‘बिघाड नाही’ हे उत्तर देणं बंद करा. वस्तूत बिघाड नव्हता हे मान्य. बिघाड चित्रात होता, आणि ते चित्र तुम्ही छापलं होतं.

तिसरा शब्दप्रयोग ‘प्लग अँड प्ले’. काही डॉक वेगळ्या युक्तीने चालतात. त्यांत चित्र डिस्प्लेपोर्टच्या लेनमधून जातच नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर ते आवळून साध्या यूएसबीच्या माहितीसारखं पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. डिस्प्लेलिंक हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. युक्ती चांगली आहे, एम१ वाल्यांना तर तिनेच तारलं. टॅली, एक्सेल, ईमेल यांना काही फरक पडत नाही. पण त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो. मॅकवर तो पडद्याचं रेकॉर्डिंग करायची परवानगी मागतो, ती वाचून माणूस घाबरतो. आणि मोठ्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर, घरून काम करणाऱ्या मुलाला स्वतःहून काहीही टाकायची मुभाच नसते. तो कंपनीकडे अर्ज करतो, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत डॉक टेबलावर नुसता चार्जर म्हणून पडून राहतो. संध्याकाळी त्याच मॉनिटरवर सिनेमा लावावा तर पडदा काळा, आवाज फक्त येतो, कारण चोरीपासून संरक्षण असलेलं चित्र या वाटेने बहुधा जात नाही. हे सगळं एका ओळीत सांगता येतं: ‘या डॉकला ड्रायव्हर लागतो.’ चार शब्द आहेत. खोक्यावर जागा नाही असं म्हणू नका, तिथे तळं आहे.

केबलीबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहायला लागलो तर पत्र त्यातच संपेल. प्रत्येक ऑफिसात एक खण असतो, त्यात दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या अर्धा डझन काळ्या केबली. कुठली मोबाईलच्या चार्जरबरोबर आली, कुठली डॉकबरोबर, कुठली कुरिअरवाल्याची राहिली, कोणालाच ठाऊक नाही. त्यांतल्या काहींत फक्त वीज आणि यूएसबी २.० च्या तारा असतात. त्यांतून चित्र जाणं शक्यच नाही. काहींतून ४० गिगाबिट जातात. बाहेरून बघून, हातात घेऊन, वाकवून काहीही कळत नाही. यूएसबीचं प्रमाण ठरवणाऱ्या मंडळाने २०२२ मध्ये शहाणपणा करून केबलीसाठी साधी चिन्हं काढली. वेग किती गिगाबिट आणि वीज किती वॉट, एवढंच त्यावर असतं. मग ती उमटत का नाहीत? ‘प्रमाणित नसलेल्या केबलीला चिन्ह लावता येत नाही’ हे मला माहीत आहे. मग प्रमाणित करून घ्या. नाहीतर निदान पांढऱ्या अक्षरांत टोकाजवळ स्वतःच छापा, यातून चित्र जातं की नाही.

नावांचा घोळ हा त्याच मंडळाचा आणि तुमचा संयुक्त उद्योग. २००८ साली जे यूएसबी ३.० होतं, तेच २०१३ मध्ये ३.१ जेन १ झालं आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, ५ गिगाबिट. लॅमिंग्टन रोडवर ‘३.२ वाला पोर्ट आहे’ असं सांगून पाचवाला लॅपटॉप विकला जातो, आणि विकणारा खोटं बोलत नसतो. एचडीएमआयवाल्यांनी तर २०२१ मध्ये जाहीरच केलं की आता २.० असं काही उरलं नाही, सगळं २.१, फक्त २.१ मधल्या जवळपास सगळ्या सोयी ऐच्छिक. हे वाचून मला हसू आलं होतं. नंतर एका गिऱ्हाइकाने ‘२.१ म्हणून घेतला’ असा मॉनिटर दाखवला तेव्हा आलं नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्यांना एक वेगळं सांगायचं आहे. कडेला दोन एकसारखी भोकं देता आणि त्यांतलं एकच चित्र पाठवू शकतं. कुठलं? काही मॉडेलवर शेजारी छोटी वीज काढलेली असते, म्हणजे थंडरबोल्ट. काहींवर बॅटरीचं चित्र, म्हणजे फक्त चार्जिंग. काहींवर डिस्प्लेपोर्टचा इंग्रजी डी आणि पी एकमेकांत घुसलेले. आणि काहींवर काहीच नाही, कारण कुठल्या तरी डिझायनरला कड स्वच्छ हवी होती. ग्राहक लॅपटॉप उलटा करून खाली बघतो, तर तिथे बारकोड आणि काट मारलेली कचऱ्याची बादली. थंडरबोल्टवाल्यांचं एक मात्र मान्य करतो. थंडरबोल्ट ३ ला निदान एक ४के मॉनिटर चालवण्याची सक्ती होती. २०२० मध्ये थंडरबोल्ट ४ आलं तेव्हा त्यांनी ती दोन ४के मॉनिटरपर्यंत नेली, आणि दोन मीटरपर्यंतच्या केबलीनेही पूर्ण वेग द्यावा असं ठरवलं. म्हणजे सक्ती करता येते. ठरवलं तर जमतं. फक्त असे डॉक बहुधा वीस हजारांच्या पुढे असतात आणि डोंबिवलीतला डीटीपीवाला तेवढे पैसे मॉनिटरवरही घालत नाही.

विजेचं एका वाक्यात सांगतो. डॉकवर १०० वॉट लिहिलेलं असतं, त्यातले काही तो स्वतः खातो, लॅपटॉपला उरतील तेवढे मिळतात, आणि जोरात काम चालू असताना डॉकला जोडलेलाच लॅपटॉप हळूहळू उतरत जातो.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. वर जे गणित केलं, ते मला कागदावर करावं लागतं. तुमच्या लॅपटॉपला करावं लागत नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असतं. केबल खोचल्याक्षणी दोन्ही टोकांच्या चिपा आपसांत बोलतात. मॉनिटर आपली सगळी माहिती पाठवतो: मी अमुक कंपनीचा, माझे ठिपके इतके, मला अमुक वेग चालतो. लॅपटॉप आणि डॉक लेन किती आणि वेग किती यावर एकमत करतात, वेग जमला नाही तर खालच्या वेगावर उतरून पुन्हा प्रयत्न करतात. दुसरा मॉनिटर का लागला नाही, हे त्या क्षणी यंत्राला पक्कं ठाऊक असतं. लेन कमी पडल्या? केबल नुसती चार्जिंगची आहे? चिपला तिसरा पडदा झेपत नाही? ही तीन निरनिराळी कारणं आहेत आणि तिन्हींवर तीन निरनिराळे उपाय आहेत. गिऱ्हाइकाला मात्र एकच गोष्ट दिसते: काळा पडदा आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात ‘नो सिग्नल’. विंडोज कधीकधी ‘जोडणी मर्यादित असू शकते’ असा मोघम संदेश देतं. असू शकते! ज्याने स्वतः मोजमाप केलं त्याने असं बोलावं?

हे मला खटकतं ते यासाठी की इथे नव्याने काही शोधायचं नाही. स्वस्त डॉकने महागाचं काम करावं असं मी म्हणत नाही. दोन फुल एचडी चालवणारा चार हजारांचा डॉक ही सुंदर वस्तू आहे, माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना तीच पुरते. तिच्यावर ‘दोन फुल एचडी’ एवढंच लिहिलंत तर मी ती डोळे मिटून घेईन. तुम्ही ‘ड्युअल ४के’ लिहिता आणि चांगल्या वस्तूला फसवी करून टाकता.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही आपल्याकडे निव्वळ वजन आणि किंमत छापावी लागते. २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम तसं सांगतात. तुमच्या खोक्यावरही ते नियम पाळलेले असतात. एमआरपी असते, आयातदाराचं नाव असतं, महिना-वर्ष असतं, ‘नग १’ असं परिमाणही असतं. फक्त ज्यासाठी माणूस पैसे मोजतो ते परिमाण नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ग्राहकाला मालाचा दर्जा आणि प्रमाण याबद्दल माहिती मिळण्याचा हक्क देतो. भारतीय मानक ब्युरोने यूएसबी-सीच्या भोकाचं आणि केबलीचं भारतीय मानकही प्रसिद्ध केलं आहे. त्यावरची सगळी चर्चा मात्र चार्जरभोवती फिरली, की एकाच चार्जरवर सगळं चालावं. युरोपातही २०२४ च्या अखेरीपासून मोबाईलना आणि २०२६ पासून लॅपटॉपना समान चार्जिंगचा नियम आला. छानच. वीज सगळ्या भोकांतून सारखी जाईल. चित्राचं काय, हे कोणत्याच सरकारने अजून विचारलेलं नाही. तुम्ही वाट कशाला बघता?

माझ्या मागण्या अवघड नाहीत. डॉकच्या खोक्यावर, डोंगराच्या जागी, एक तक्ता छापा. डावीकडे लॅपटॉपचा प्रकार: साधा यूएसबी-सी, डिस्प्लेपोर्ट १.४ वाला, थंडरबोल्ट, मॅकच्या साध्या चिपचा. वर मॉनिटर एक, दोन, तीन. प्रत्येक चौकटीत ठिपके किती आणि हर्ट्झ किती. जिथे चालत नाही तिथे फुली. फुली मारायला लाजू नका, फुली बघून गिऱ्हाईक पळत नाही, ते शेजारच्या महागड्या डॉककडे जातं आणि तोही तुमचाच असतो. हाच तक्ता ऑनलाइन विक्रीच्या पानावर पहिल्या चित्रात हवा, सातव्या नको. आणि तोच, छोटा करून, डॉकच्या पोटावर चिकटवा. खोकी पहिल्याच आठवड्यात रद्दीत जातात. मला दुरुस्तीला बोलावतात तेव्हा हातात असतो तो फक्त डॉक, आणि त्याच्या पोटावर व्होल्ट, अँपिअर, सिरियल नंबर आणि सहा देशांची प्रमाणपत्रं असतात.

लॅपटॉपवाल्यांनी प्रत्येक भोकाशेजारी चित्र जातं की नाही, हे खूण करून दाखवावं आणि माहितीपानावर एकूण बाहेरचे किती पडदे, कुठल्या मापाचे, हे स्पष्ट लिहावं. ‘यूएसबी-सी, सर्व सोयींसह’ असं नको. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो काळा पडदा बोलका करावा. ‘या केबलीतून चित्र जात नाही’ किंवा ‘दुसऱ्या पडद्यासाठी लेन अपुऱ्या, वेग कमी करून पाहू का?’ असं एक वाक्य पुरे. मराठीत आलं तर उत्तम. माहितीपुस्तिकेत तुम्ही डझनभर भाषा छापता, त्यांत माझ्या गिऱ्हाइकांची एकही नसते. आणि झोपवलेला लॅपटॉप उठला की सगळ्या खिडक्या एका पडद्यावर ढीग करून ठेवायच्या, ही सवय डॉकच्या फर्मवेअरमधून आणि लॅपटॉपच्या बायोसमधून दोघांनी मिळून काढा. यावर एकमेकांकडे बोट दाखवणारी पत्रं माझ्याकडे आहेत.

ग्राहक सेवेतल्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जो कागद असतो तोच ते वाचतात. त्या कागदावर पहिला प्रश्न ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला का’ हा नको. ‘लॅपटॉपचं मॉडेल कोणतं, आणि कुठल्या भोकात खोचलंय’ हा हवा. निम्मे फोन तिथेच संपतील, आणि उरलेल्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या तक्त्यात कुठली चौकट चुकली आहे.

या पत्राला उत्तर पाठवाल अशी आशा आहे. ‘अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या’ असं पाठवू नका, मी तिथूनच आलोय. मार्चअखेरीची धावपळ सुरू व्हायच्या आत माझ्या तीन सीए ऑफिसांना नवे डॉक घ्यायचे आहेत. ज्या कंपनीचा भरलेला तक्ता आधी येईल, तिचे घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळणारा एक
ठाणे